आवा पेटवला तो दिवस : कुंभाराच्या घराचा इतिहास कसा वाचायचा?



पेटची तयारी करणारे किंवा नुकताच पीएच.डी.ला प्रवेश घेतलेले बरेच जण त्यांचा आराखडा मला वाचायला पाठवतात. विषय ग्रामीण व्यवसायांचा असला की त्यात एक वाक्य हमखास सापडतं : ‘कुंभार व्यवसाय हजारो वर्षांपासून परंपरागत पद्धतीने, कोणताही बदल न होता चालत आलेला आहे.’ वाक्य ऐकायला छान आहे. पण ते लिहिलं की संशोधन तिथंच संपतं. बदलच झाला नसेल, तर पुढची चार वर्षं तुम्ही शोधणार काय?

आज याच वाक्याबद्दल बोलू. माझं म्हणणं थोडक्यात असं : कुंभाराचं घर हीच त्याची कार्यशाळा असते, आणि त्या घरात रोज काहीतरी जमतं, काहीतरी बिघडतं. या जमण्या-बिघडण्यातच या व्यवसायाचा इतिहास आहे. तो वाचायला तीन साधनं आहेत : खापर, कथा आणि कागद. प्रत्येक साधन वेगळी गोष्ट सांगतं आणि वेगळी गोष्ट लपवतं.

उदाहरणासाठी मी आमचा भाग घेते. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावर चुडावा हे गाव आहे. चहूकडे काळी कसदार जमीन, कापूस, तूर, ज्वारी, सोयाबीन. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही कौतुकानं म्हणतो, पण मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या बराच वर जातो तेव्हा कौतुक फक्त माठातल्या पाण्याचं असतं. म्हणजे माठ लागतो, माती आहे, जळण आहे. मग अडचण कुठं आहे? ती समजायला आधी काम समजून घेऊ.

माती कशी त्रास देते

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं असल्यामुळे मला पहिला प्रश्न मातीचाच पडतो. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, हे शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तिच्यात स्मेक्टाइट गटातली खनिजं भरपूर असतात. ती पाणी धरतात आणि वाळताना खूप आकसतात. शेतात जी भेग पडते तीच भेग मडक्याला पडते. म्हणून निव्वळ काळ्या मातीचं भांडं टिकत नाही. तळ्यातला किंवा नदीकाठचा गाळ आणायचा, त्यात वाळू, राख, घोड्या-गाढवाची लीद नाहीतर भुसा मिसळायचा. राख आणि वाळू आकसणं कमी करतात. लीद आणि भुसा भाजताना जळून जातात आणि मागं बारीक छिद्रं ठेवतात. याच छिद्रांतून पुढं पाणी झिरपतं आणि माठ गार होतो.

आता प्रमाण किती? इथं वही उघडून बसलात तर फार काही हाती लागणार नाही. माती हातात घेऊन, अंगठ्यानं दाबून, पायानं तुडवून ठरतं. आणि दर वेळचा गाळ सारखा नसतो. यंदा तळ्याच्या एका कडेचा आणला, पुढच्या वर्षी दुसऱ्या कडेचा, की प्रमाण बदललं.

दुसरा त्रास चुनखडीचा. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे बारीक पांढरे खडे असतात. एखादा हरभऱ्याएवढा खडा चाळताना राहून गेला तर मडकं घडतं, वाळतं, भाजून लालही निघतं. पण आव्यात साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या पुढं चुनखडीचा कळीचा चुना झालेला असतो. हा चुना हवेतलं दमट पाणी ओढून घेतो, फुगतो आणि काही दिवसांनी बाहेरून खपली उडवतो. म्हणजे मडकं गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर फुटतं. आता विचार करा, दोष कुणाचा मानला जाणार?

तिसरा त्रास वाळण्याचा. उन्हात ठेवलं तर एक बाजू लवकर वाळते आणि तडा जातो. सावलीत ठेवलं तर जागा अडते. घर दोन खोल्यांचं, त्यात ओली मडकी, लेकरं, शेळी आणि अवकाळी पाऊस. अवकाळीनं शेतकऱ्याचं नुकसान होतं तेव्हा पंचनामा होतो. भिजलेल्या कच्च्या मडक्यांचा पुन्हा चिखल होतो, तो कुणी मोजत नाही.

आणि आनंद? तोही याच कामात आहे. चाकावरचा गोळा मध्यावर स्थिर बसला की हाताखालची थरथर थांबते. ज्यांनी कधी चाकाला हात लावलाय त्यांना हा क्षण लगेच कळेल. हल्ली पुण्या-मुंबईत घरच्या बाल्कनीत विजेचं चाक ठेवून छंद म्हणून भांडी करणारे बरेच जण आहेत. त्यांनाही हाच क्षण भुरळ घालतो. फरक एवढाच की छंदवाल्याचं भांडं तडकलं तर रविवार वाया जातो, कुंभाराचं तडकलं तर हंगाम.

आव्याची रात्र

सगळ्यात मोठी परीक्षा आव्याची. खाली जळण, त्यावर मडक्यांची उतरंड, मध्ये गोवऱ्या, वरून पाचट, खापरं आणि मातीचा थर. आमच्याकडं जळणाला पऱ्हाट्या आणि तुराट्या चालतात, म्हणजे कुंभाराचं जळण कापूस आणि तूर किती पिकली यावर अवलंबून.

आग एकदम वाढली तर मातीत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि मडकं फुटतं. पुढं साधारण ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान खनिजाच्या रचनेतलं पाणी निघून जातं. हा टप्पा ओलांडला की मडकं परत चिखल होत नाही. कच्चं आणि पक्कं यांच्यामधली रेषा ती हीच. ५७३ अंशांना वाळूतल्या क्वार्ट्झचं आकारमान अचानक बदलतं, त्यामुळे थंड होतानाही घाई चालत नाही. हवा खेळती राहिली तर मातीतल्या लोहामुळे मडकं लाल होतं, हवा कोंडली तर काळं. हे सगळं तापमापकाशिवाय, धुराचा रंग आणि आगीचा लालपणा बघून.

तालुक्यातल्याच एका कुंभार घरातल्या म्हाताऱ्या मावशींना मी विचारलं, की सगळ्यात अवघड काम कोणतं? मला वाटलं त्या चाक म्हणतील. त्या म्हणाल्या, “चाकाचं काय, हात बसला की बसला. आवा लावला ना पोरी, त्या राती घरात कुणालाच झोप लागत नसती बग. महिन्याचं काम आत असतं आन् हातात काहीच नसतं.”

मी वहीत हे वाक्य लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. का, ते पुढं सांगते.

पहिलं साधन : खापर

महाराष्ट्रातल्या पुरातत्त्वात जोर्वे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी हे गाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथं उत्खनन केलं आणि तिथल्या भांड्यांवरून एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळालं. लाल लेप, वर काळ्या रंगातली भौमितिक नक्षी, लांब तोटीची भांडी, आणि वाजवलं तर धातूसारखा टणत्कार. हा टणत्कार महत्त्वाचा आहे. भांडं नीट भाजलं गेलंय याची ती खूण. आजही गिऱ्हाईक बाजारात माठावर टिचकी मारून बघतं, ते याच्यासाठीच.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं अनेक हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या तिघांच्या नावावर त्याचा अहवाल आहे. तिथं पूर्व जोर्वे काळातली, म्हणजे साधारण इ.स.पू. १४०० ते १००० या काळातली कुंभाराची भट्टी सापडली. कारागिरांची घरं वस्तीच्या पश्चिम कडेला होती, असं ढवळीकरांनी मांडलं. म्हणजे घर आणि भट्टी जवळजवळ, पण वस्तीच्या कडेला. धूर आणि आगीचा विचार केला तर ही जागा पटते.

पुढच्या उत्तर जोर्वे काळात घरं लहान आणि गोल झाली, भांडी तुलनेनं भरड झाली, नक्षी कमी झाली. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी आणि हलाखीशी जोडला. आता वर सांगितलेली कामाची माहिती इथं वापरून बघा. भांडं भरड झालं याचा अर्थ कुंभाराचं कसब गेलं असाच होतो का? जळण कमी पडलं असेल तर? माती बारीक चाळायला, पाण्यात निवळायला घरात माणसं आणि पाणी उरलं नसेल तर? नक्षीला मोल देणारं गिऱ्हाईक राहिलं नसेल तर? ‘ऱ्हास’ हा एक शब्द लिहिण्याआधी हे तीन-चार प्रश्न सुटे करायला हवेत, आणि यातले काही प्रयोगशाळेत तपासता येतात. भाजण्याचं तापमान खनिजांवरून कळतं, मातीत काय मिसळलं होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं.

आणि आता मावशींच्या वाक्याकडं येते. खापराचं वय काढण्याची एक पद्धत म्हणजे तापदीप्ती. मातीतले क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे कण आजूबाजूच्या किरणोत्सारातून थोडी थोडी ऊर्जा साठवत राहतात. साधारण ५०० अंशांच्या वर तापवलं की ही साठवण रिकामी होते आणि घड्याळ शून्यावर येतं. पुढं शेकडो वर्षांनी प्रयोगशाळेत तोच कण पुन्हा तापवला की साठलेली ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. त्यावरून वय निघतं. १९६०च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये मार्टिन एटकिन यांच्या गटानं या पद्धतीचा पाया घातला.

नीट बघा, हे घड्याळ सुरू कधी होतं? माती खणली तेव्हा नाही, चाकावर भांडं घडलं तेव्हा नाही, विकलं तेव्हाही नाही. ते सुरू होतं आवा पेटतो तेव्हा. त्या घरात कुणालाच झोप लागली नाही, तीच रात्र आपण यंत्रावर मोजतो. उत्तरात पाच-दहा टक्क्यांची चूक धरावी लागते, पण मोजतो ती तीच रात्र. तक्त्यात ‘नमुना क्रमांक ७’ लिहिताना हे लक्षात असलं की तक्ता वाचायची पद्धत बदलते.

दुसरं साधन : कथा

आपल्या मराठवाड्यात तेर आहे. पेरिप्लसमध्ये ‘तगर’ म्हणून येणारं प्राचीन व्यापारी नगर ते हेच, आणि संत गोरोबाकाकांचं गावही हेच. गोरोबांच्या दोन कथा तुम्हाला माहीत आहेतच. एक, विठ्ठलनामात तल्लीन होऊन चिखल तुडवताना रांगतं लेकरू पायाखाली आलं. दुसरी, संतमेळ्यात गोरोबांनी थापटण्यानं प्रत्येकाचं डोकं थापटून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते सांगितलं, आणि नामदेव कच्चे ठरले. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजय’मुळे या कथा घरोघरी पोचल्या.

संशोधक म्हणून या कथांचं करायचं काय? ‘हे घडलं का?’ हा प्रश्न इथं फारसा उपयोगी नाही. ‘ऐकणाऱ्यांना यातलं काय इतकं ओळखीचं होतं, की समजावून सांगावं लागलं नाही?’ हा विचारा. मग दिसतं, की माती पायानं तुडवली जायची. ती घराच्या अंगणातच तुडवली जायची, जिथं लेकरं रांगतात. बायको पाण्याला गेली की मूल सांभाळणं आणि माती तुडवणं ही दोन्ही कामं एकाच माणसावर, एकाच जागी. थापटण्याच्या आवाजावरून मडकं ओळखणं इतकं सर्वांच्या परिचयाचं होतं, की त्यावर संतांचा विनोद रचता आला. कथा चमत्काराची आहे, पण तिची जमीन एका कुंभाराच्या घराची आहे. घरातच कारखाना असण्याची जी किंमत असते, ती या पहिल्या कथेइतकी स्पष्ट कुठल्या दप्तरात सापडेल असं मला वाटत नाही.

तिसरं साधन : कागद

त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं. बलुतेदारीवर काम करणाऱ्यानं ते वाचायलाच हवं. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. सुगीला धान्याचा वाटा मिळायचा, त्या बदल्यात वर्षभर लागतील ती मडकी द्यायची.

या व्यवहाराकडं जरा गणितानं बघा. रोखीनं विकताना फुटलेल्या मडक्याचं नुकसान निदान पुढच्या मडक्याच्या किमतीत थोडं भरून काढता येतं. बलुत्यात वाटा रुढीनं ठरलेला. आवा साधला तरी तेवढंच, निम्मा आवा फुटला तरी गावाला मडकी द्यायचीच. म्हणजे पाऊस, जळण, चुनखडीचा खडा, या सगळ्याची जोखीम एकाच घरावर. त्या बदल्यात दुष्काळ सोडला तर धान्याची हमी. ही व्यवस्था चांगली की वाईट हे आधी ठरवू नका. जोखीम कुणाकडं होती, हे विचारा.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे परभणीच्या गावांचे जुने कागद शोधायचे तर हैदराबादच्या अभिलेखागाराची वाट धरावी लागते, आणि उर्दू-फारसी येणाऱ्या माणसाची मदत लागते. आतापासून तयारी करा. सय्यद सिराज उल हसन यांचा निजाम राज्यातल्या जाती-जमातींवरचा १९२० चा ग्रंथही आहे. पण अशा सरकारी थाटाच्या लेखनाचा भर लग्न, देवक, चालीरीती यांवर असतो. आव्याची रात्र तिथं शोधू नका.

कागदात आणखी एक गोष्ट हरवते : बायकांचं काम. भारतात बऱ्याच ठिकाणी बायकांनी चाक फिरवायचं नाही अशी रूढ होती. चाक फिरवणारा तो कुंभार, असं धरलं की माती चाळणं, भिजवणं, तुडवणं, रंगवणं, वाळवताना फिरवणं आणि डोक्यावरून बाजारात नेणं हे सगळं नोंदीतून गळतं. मणिपूरच्या अंद्रो गावात तर बायका चाकाशिवायच मडकी घडवतात. मग चाकावर आधारलेली व्याख्या तिथं काय करणार?

मग ‘बदल न होता’ कुठं राहिलं?

स्टील, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या घागरीनं रोजचं मडकं स्वयंपाकघरातून काढलं. फ्रीज आला, तरी माठ टिकून आहे, कारण एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते आणि त्याला वीज लागत नाही. दहा लिटरच्या माठातून फक्त १०० मिलिलिटर पाणी उडालं, तरी बाहेरची उष्णता आत न आल्यास उरलेलं पाणी जवळपास सहा अंशांनी उतरतं. परभणीच्या उन्हाळ्यात याची किंमत वेगळी सांगायला नको.

बाकी मागणी सणांना बांधली गेली. संक्रांतीची सुगडी, वेळाअमावस्येला आंबिलाचा बिंदगा, नवरात्राचा घट, पोळ्याचे बैल, दिवाळीच्या पणत्या. म्हणजे वर्षभराचं काम चार-सहा आठवड्यांत कोंबलं गेलं. जळण, जागा आणि भांडवल यांचं गणितच बदललं. खादी आणि ग्रामोद्योग आयोगानं २०१८ पासून कुंभार सशक्तीकरण कार्यक्रमात विजेची चाकं द्यायला सुरुवात केली. २०२३ च्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. आणि २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेनंतर तलावातला गाळ शेतात जाऊ लागला. शेतीसाठी चांगलंच आहे. पण त्याच गाळावर ज्याचं घर चालतं त्याला काय उरतं, हा प्रश्न तुमच्यापैकी कुणीतरी हातात घ्यायला हवा.

मला यात घाईही दिसते. विजेचं चाक अनुदानात मिळतं, पण कोणत्या कडेचा गाळ आणायचा आणि धूर कसा दिसला की पाचट टाकणं थांबवायचं, हे माहीत असलेली पिढी आता सत्तरीत आहे. त्यांची मुलं पुण्यात, हैदराबादेत कामाला आहेत. खापर दोन हजार वर्षं थांबतं. माणूस थांबत नाही.

पहिल्या क्षेत्रभेटीआधी

तर कुंभाराच्या घरी जाताना ‘तुमचा व्यवसाय परंपरागत आहे का?’ अशी प्रश्नावली नेऊ नका. उत्तर ‘हो’ येणार आणि तुम्ही चहा पिऊन परतणार. त्याऐवजी एवढं विचारा : मागच्या आव्यात किती मडकी घातली आणि किती धड निघाली? फुटली ती कशानं? माती गेल्या दहा वर्षांत किती ठिकाणांहून आणली? जळण काय वापरता, आधी काय वापरायचे, कधीपासून बदललं? घरात कोण कोणतं काम करतं, आणि पैसे कुणाच्या हातात येतात? शक्य असेल तर फुटलेली खापरं मागून घ्या. चांगलं मडकं विकायचं असतं, फुटकं ते आनंदानं देतील. पिशवीवर तारीख, जागा आणि मातीचं ठिकाण त्याच दिवशी लिहा.

आणि एक सांगते. आवा लावण्याच्या दिवशी जायची संधी मिळाली तर जाच, पण त्या दिवशी प्रश्न विचारू नका. त्या रात्री त्या घरात कुणाला बोलायची उसंत नसते. जळणाचा एखादा भारा उचलून द्या आणि बाजूला बसून बघा.

पुढच्या लेखात खापराचा नमुना प्रयोगशाळेत पाठवण्याआधी तो कसा नोंदवायचा, ते बघू. तोपर्यंत आराखड्यातलं ते वाक्य खोडून ठेवा.